विझवलेला दीप

चाच्यांची गोष्ट म्हटली की ती मुलांची गोष्ट, असे आपण गृहीत धरून चालतो. शिडाचे जहाज, वादळ, लपवलेला खजिना, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला नाखवा, एवढी सामग्री दिसली की पालक निर्धास्त होतात. त्यातून ज्यूल व्हर्नचे नाव असले, तर विचारायलाच नको. भा. रा. भागवत यांनी व्हर्न मराठीत आणला आणि त्या पुस्तकांनी आपल्याकडील मुलांच्या कित्येक सुट्ट्या उजळल्या. व्हर्न म्हणजे शास्त्र, साहस आणि निर्मळ करमणूक, ही समजूत तेव्हापासून दृढ आहे. आम्ही येथे ज्या चित्रपटाचा परामर्श घेणार आहोत, त्याला आपल्या घरात प्रवेश मिळतो तो याच परवान्यावर. १९७१ सालचा ‘द लाइट ॲट द एज ऑफ द वर्ल्ड’ हा तो चित्रपट. दिग्दर्शक केव्हिन बिलिंग्टन, प्रमुख भूमिकांत कर्क डग्लस, यूल ब्रिनर आणि समँथा एगर.

हा चित्रपट मुलांचा नाही, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. परंतु एवढे सांगून बाजूला सारण्याजोगाही तो नाही. त्यात जे आहे त्यापेक्षा त्यातून जे गळून पडले आहे, त्याने आम्हाला अधिक विचार करावयास लावले.

कथा १८६५ सालात घडते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नच्या वाटेवरील एका ओसाड, खडकाळ बेटावर दीपगृह उभे आहे. तेथे तीन रखवालदार आहेत. मोरिझ हा वयस्क, शिस्तीचा कप्तान. फेलिपे हा अल्लड तरुण. तिसरा विल डेंटन, अमेरिकेतून आलेला, एक तुटलेले प्रेम आणि हातून घडलेला रक्तपात मागे टाकून जगाच्या काठावर येऊन बसलेला. एके दिवशी एक जहाज बेटाशी येते. मोरिझ आणि फेलिपे त्या जहाजाला सामोरे जातात आणि डेंटनच्या डोळ्यांदेखत मारले जातात. ते जहाज चाच्यांचे असते. त्यांचा म्होरक्या कोंग्र दीपगृहाचा ताबा घेतो, दीप विझवितो आणि फसवा उजेड दाखवून येणारी जहाजे खडकांवर आणावयाची, बुडणाऱ्यांना कापून काढावयाचे आणि माल लुटावयाचा, असा उद्योग मांडतो. उरतो एकटा डेंटन, कपारींतून लपतछपत जगणारा.

पहिल्या हत्येचा प्रसंग दिग्दर्शकाने फार संयमाने उभा केला आहे. समुद्रकाठच्या माणसांना तो विशेष झोंबेल. जहाज दिसले की त्याला हात द्यावयाचा, हा दर्यावरचा पहिला धर्म. मोरिझ आणि फेलिपे तो धर्म पाळण्यासाठी जातात आणि त्याच पायी मरतात. मोरिझची भूमिका फर्नांदो रे या स्पॅनिश नटाने केली आहे. त्याच्या वाट्याला फार थोडा वेळ आला आहे. पण त्या थोड्या वेळात हा माणूस आपल्या कामाला काय समजतो, हे आपल्याला कळून चुकते. तो गेल्यावर पडद्यावर कामावर निष्ठा असलेले कोणीही उरत नाही. आमच्या मते चित्रपटाची खरी हानी येथेच होते आणि पुढे ती भरून निघत नाही.

यूल ब्रिनर हा नट आपल्या वाचकांना परका नाही. ‘टेन कमांडमेंट्स’ (१९५६) मधील मोशेसमोर उभा ठाकलेला फारोहा तोच. तेथे त्याचा अहंकार राजाचा होता, मागे सिंहासन होते, पोटचा मुलगा गेल्याचे दुःख होते. येथील कोंग्रच्या मागे काहीच नाही. तो सुसंस्कृत दिसतो, वस्त्रांची निवड जाणतो, हळू आवाजात बोलतो आणि मरणाकडे करमणूक म्हणून पाहतो. लोभ हा त्याचा मूळ विकार नव्हे. लुटीच्या मालाकडे तो जेमतेम लक्ष देतो. दुसऱ्याचे हाल होताना पाहणे, हा त्याचा खरा विषय आहे. दुष्टपणाचे हे रूप ब्रिनरने अचूक पकडले आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा होतो की, पडद्यावर तो असला की इतर कोणाकडे डोळा वळत नाही. वाईटाला रूप, डौल आणि बुद्धी. चांगल्याला मात्र घाम, चिखल आणि मौन, अशी ही वाटणी आहे.

येथे ‘चाचा’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर करू. इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांतून कान्होजी आंग्रे यांनाही हीच उपाधी चिकटविलेली आढळते. आपल्या लेखी ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. मुंबईच्या दक्षिणेकडील ज्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले, त्या बेटाला १९९८ पासून त्यांचेच नाव आहे. तेव्हा चाचा कोणाला म्हणावयाचे, हे पुष्कळदा समुद्रावर हक्क सांगणाऱ्याच्या सोयीने ठरत आले आहे. कोंग्रच्या टोळीपाशी मात्र ना निशाण, ना राजा, ना जकातीचा वाद. म्हणूनच हा चित्रपट इतिहासाचा राहत नाही. तो सरळ पापाविषयीचा होतो, आणि पापाविषयीचा चित्रपट म्हणूनच त्याची परीक्षा झाली पाहिजे.

चित्रीकरणाविषयी मोजकेच लिहितो. छायालेखक आंरी दकाए हे फ्रेंच चित्रपटातील मोठे नाव. त्यांनी खडक, पाणी आणि आकाश यांतून एकटेपणाचे जे चित्र उभे केले आहे, ते स्मरणात राहते. परंतु हे खडक केप हॉर्नचे नव्हेत. चित्रीकरण झाले स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, काताल्युन्यामधील काप दे क्रेउस येथे. या नावाचा अर्थच ‘क्रुसांचे भूशिर’ असा आहे. भूमध्य समुद्राचे ऊन मात्र लपत नाही. जेथे हाडे गोठविणारी थंडी आणि सततची वादळे असावयास हवीत, तेथे आकाश निळे आणि खडक तापलेले दिसतात. डेंटनची खरी झुंज तेथल्या हवेशीही असावयास हवी होती. ती नसल्यामुळे सगळा भार मारामारीवर पडतो.

आता मूळ पुस्तकाकडे वळू, कारण आमचा मुख्य आक्षेप तेथूनच निघतो. व्हर्न २४ मार्च १९०५ रोजी निवर्तला आणि त्याच वर्षी ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यावर त्याचा पुत्र मिशेल याने हात फिरविला होता. कादंबरीतील बेट खरे आहे. अर्जेंटिनाच्या आग्नेय टोकापाशी असलेले इस्ला दे लोस एस्तादोस ते हेच. तेथे अर्जेंटिनाच्या आरमाराने १८८४ मध्ये खरोखरच एक दीपगृह उभारले. तो उंच मनोरा वगैरे काही नव्हता. लाकडी बांधणीची, तेलाच्या दिव्यांची ती साधी ठेंगणी इमारत होती. तिचे नाव सान हुआन दे साल्वामेंतो, म्हणजे तारणाचा संत योहान. १९०२ मध्ये ते दीपगृह बंद झाले. व्हर्नने ते कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. परंतु त्या दिव्याचा अर्थ त्याला पुरता उमगला होता.

कादंबरीत वाचणाऱ्या रखवालदाराचे नाव वास्केझ. तो अर्जेंटिनाचा खलाशी आहे आणि तिघांतला प्रमुख. त्याच्या मागे कोणतेही रहस्य नाही, तुटलेले प्रेम नाही. तीन महिन्यांची पाळी, ती संपली की ‘सांता-फे’ हे सरकारी जहाज बदली माणसे घेऊन येणार, हा त्याचा हिशेब. साथीदार मारले जातात तेव्हा तोही हादरतो, सूडाची आग त्याच्याही मनात पेटते. परंतु त्याला सर्वांत जास्त काय टोचते? दिवा लागलेला नाही, हे. कादंबरीत चाच्यांना फसवा उजेड दाखविण्याचीदेखील गरज पडत नाही. दिवा न लावणे एवढे पुरते. ‘सेंच्युरी’ हे जहाज केवळ त्या अंधारामुळे खडकावर आपटते आणि त्यातून जॉन डेव्हिस हा एकच माणूस वाचतो. मग दोघे मिळून चाच्यांची वाट अडवितात, बुडालेल्या जहाजावरची तोफ वापरतात आणि ‘सांता-फे’ येईपर्यंत त्यांना बेटावर अडकवून ठेवतात. जहाज आले त्या रात्री दीपगृहाचा दिवा पुन्हा लागतो. तो लावण्यासाठी वास्केझने जीव पणाला लावलेला असतो. वास्केझची सारी लढाई त्या एका कामासाठी आहे. चाच्यांचे काय होते, हे त्याच्या लेखी दुय्यम आहे.

चित्रपटाने वास्केझ काढला आणि त्याच्या जागी डेंटन बसविला. नायक अमेरिकन झाला म्हणून आमची तक्रार नाही. निर्माता स्वतः कर्क डग्लस असल्यावर दुसरे काय व्हावयाचे? व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’वरील १९५४ च्या चित्रपटातही नेड लँड त्यानेच केला होता आणि तो फार रसरशीत केला होता. तक्रार अशी की, नायक बदलताना त्याचे कामच बदलले. डेंटन हा दीपगृहात राहणारा माणूस आहे. दिव्याचा माणूस नव्हे. चाच्यांनी दिवा विझविला, याचे त्याला वास्केझसारखे दुःख होताना दिसत नाही. येणाऱ्या अनोळखी जहाजांची काळजी त्याच्या मनात घर करीत नाही. तो लढतो तो आधी जीव वाचविण्यासाठी आणि मग हिशेब चुकता करण्यासाठी. शेवटी तोफ डागून तो चाच्यांचे जहाज बुडवितो आणि उरलेल्या कोंग्रशी दीपगृहातच भिडतो. आगीने वेढलेला कोंग्र वरून खाली कोसळतो. जो दिवा माणसांना वाचविण्यासाठी होता, त्याच्या ठिकाणी सूडाचा जाळ उरतो. हे दृश्य दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक योजले असते, तर आम्ही त्याला वंदन केले असते. परंतु मागे वाजणारे संगीत आणि चित्रणाची धाटणी पाहता, आपण विजय पाहात आहोत, असेच प्रेक्षकाला वाटावे अशी योजना आहे.

ख्रिस्ती वाचकाला हा फरक लहान वाटू नये. फुटलेल्या जहाजावरील माणसांना लुटणे, हे पाप ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून वेगळे काढून ठेवले आहे. ११७९ मधील तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने, ज्यांना मदत करणे श्रद्धेने बंधनकारक आहे अशा बुडत्या ख्रिस्ती माणसांना जे लुटतील, त्यांना लूट परत केल्याखेरीज ख्रिस्तसभेबाहेर ठेवावे, असा नियम केला. नियम करावा लागला, याचाच अर्थ असे लुटारू पुष्कळ होते आणि तेही ख्रिस्तीच होते. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर एका टेकडीवर चौदाव्या शतकातला एक अष्टकोनी दगडी मनोरा आजही उभा आहे. १३१३ मध्ये त्या किनाऱ्यावर द्राक्षमद्य वाहून नेणारे एक जहाज फुटले. ते मद्य एका मठाचे होते. वॉल्टर दे गॉडेटन नामक तेथल्या जमीनदाराने त्यातले काही पिंप लाटले. प्रकरण धर्मसत्तेपर्यंत गेले आणि प्रायश्चित्त म्हणून त्याने टेकडीवर प्रार्थनामंदिर आणि जहाजांसाठी दिव्याचा मनोरा बांधला, असे सांगितले जाते. १३२८ मध्ये ते काम पुरे झाले. आयर्लंडच्या हुक भूशिरावरील तेराव्या शतकातल्या दीपगृहाचे पहिले रखवालदारही मठवासीच होते. प्रार्थनेच्या घटकांबरोबर रात्रीचा जाळ सांभाळणे, हे त्यांचे नित्यकर्म होते.

जहाजाच्या चोराला दिवा लावावयास सांगणे, या शिक्षेत केवढे शहाणपण आहे! चोराने जेथे अंधाराचा लाभ घेतला, तेथेच त्याने उजेड ठेवावा. न्यायाची ही कल्पना चित्रपटाच्या गावीही नाही. त्याला एकच न्याय ठाऊक आहे: मारणाऱ्याला मारावयाचे. हे साहसकथेचे अपरिहार्य व्याकरण आहे, असे कोणी म्हणेल. पण व्हर्नचे पुस्तक साहसकथाच आहे; त्यातला कोंग्र शेवटी स्वतःच्याच हाताने मरतो, आणि तरीही त्या कथेचा थरार कमी होत नाही.

डेंटनच्या एकांताविषयीही लिहिले पाहिजे. आपल्या परंपरेत जगाच्या काठावर जाऊन राहिलेले पुष्कळ आहेत. संत अंतोनी वाळवंटात गेले, आयरिश संन्यासी समुद्रातल्या खडकांवर जाऊन राहिले. ते माणसांपासून दूर गेले, पण त्यांची प्रार्थना माणसांसाठीच राहिली. डेंटनचा एकांत वेगळा आहे. तो स्वतःच्या भूतकाळापासून पळून आला आहे आणि नेमक्या त्याच जागी त्याला भूतकाळ गाठतो. ज्या हाताने पूर्वी माणूस मारला, त्याच हाताला पुन्हा शस्त्र घ्यावे लागते. येथे पश्चात्तापाची केवढी मोठी कथा दडली होती! कर्क डग्लसचा चेहरा ती सांगावयास समर्थ आहे. मधल्या काही मूक प्रसंगांत, कपारीत दबा धरून बसलेला असताना, तो ती सांगू पाहतोही. पटकथा मात्र त्याला साथ देत नाही. ती त्याला पुढच्या चकमकीकडे ढकलते.

दोन प्रसंग विशेष कठीण आहेत. जहाजफुटीतून मोंतेफिओरे नावाचा एक इटालियन वाचतो आणि डेंटनने त्याला आश्रय दिल्यामुळे दोघांत मैत्र जुळते. पुढे तो चाच्यांच्या हाती सापडतो. ते त्याची जिवंतपणी कातडी सोलावयास लागतात. दुरून पाहणारा डेंटन त्याला वाचवू शकत नाही. तो नेम धरतो आणि आपल्या मित्रालाच गोळी घालतो. दयेने केलेली हत्या ही हत्या आहे की नाही, हा प्रश्न आपल्या घरांतून आज रुग्णाच्या खाटेशी उभा राहतो. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘एव्हांजेलियुम विते’ या परिपत्रकात त्याचे स्पष्ट उत्तर दिले आहे: हेतू दयेचा असला तरी निरपराध जीव आपल्या हाताने संपविण्याचा अधिकार माणसाला नाही. आम्ही ते उत्तर मानतो. तरीही त्या खडकावर बसलेल्या माणसाला दगड मारावयास आमचा हात उचलणार नाही. चित्रपटाला आम्ही दोष देतो तो त्याने गोळी झाडली म्हणून नव्हे. ती झाडल्याचे ओझे त्याच्या खांद्यावर फार काळ राहू दिले नाही, म्हणून.

दुसरा प्रसंग ॲराबेलाचा. कादंबरीत स्त्री नाही. चित्रपटाने ती आणली. जहाजफुटीतून कोंग्र तिला जिवंत ठेवतो आणि डेंटनच्या गतप्रेयसीसारखी सजवून तिचा गळासारखा वापर करतो. भीती, निरुपायाने केलेली तडजोड आणि हळूहळू त्या जुलमी पुरुषाच्या आश्रयाची होत जाणारी सवय, हे सारे समँथा एगरने बारकाव्याने दाखविले आहे. अखेरीस कोंग्र तिला आपल्या माणसांपुढे टाकतो. या बाईसाठी चित्रपटाच्या मनात कणव आहे की नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत उमगले नाही. स्त्रीवरील अत्याचार हे येथे कथेला गती देणारे साधन झाले आहे. दिग्दर्शकाची पत्नी रेचल बिलिंग्टन ही कॅथलिक घराण्यातील लेखिका, आणि तिचे वडील लॉर्ड लाँगफर्ड यांनी १९७२ मध्ये बीभत्स साहित्य आणि चित्रे यांविरुद्ध गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला. जावयाच्या या चित्रपटाविषयी घरात काय बोलणे झाले असेल, अशी खट्याळ उत्सुकता आमच्या मनाला चाटून गेली.

पडद्यावर वाईट दाखवूच नये, असे आमचे मत नाही, ख्रिस्तसभेचेही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या ‘इंतेर मिरिफिका’ या आदेशात म्हटले आहे की, पापाचे चित्रण माणसाला माणसाची खोल ओळख करून देऊ शकते, मात्र त्यावर नीतीचा लगाम असला पाहिजे. याच कसोटीवर पाहिले तर चित्रपटाचा पूर्वार्ध उतरतो. दिवा विझतो तेव्हा अंगावर काटा येतो. पाप म्हणजे विश्वासाने येणाऱ्याला खडकावर नेणे, याहून स्पष्ट चित्र पडद्यावर क्वचितच उमटले असेल. उत्तरार्धात लगाम सुटतो आणि छळ हाच देखावा होतो. कोंग्र ज्या नजरेने तो देखावा पाहतो, तीच नजर कॅमेरा नकळत आपल्याला देऊन बसतो.

म्हणून घरात हा चित्रपट लावावयाचा झाला, तर मुले किमान सोळा-सतरा वर्षांची असावीत आणि वडील माणसांनी सोबत बसावे. नुसते बसू नये, बोलावेही. मोंतेफिओरेच्या प्रसंगावर मुलांना काय वाटले, ते विचारावे. त्यांची उत्तरे आपल्या उत्तरांपेक्षा अधिक प्रामाणिक असण्याचा संभव आहे. धर्मग्रामातील तरुणांच्या मंडळाने तो दाखविला, तर आधी कादंबरी वाचलेल्या कोणाकडून तरी वास्केझची कथा ऐकून घ्यावी. लहानांना मात्र पुस्तकच द्यावे. त्यात रक्त कमी नाही. पण पहिल्या पानापासून त्यांच्या मनात एकच धाकधूक राहील, आज रात्री दिवा लागेल की नाही. बेटावरचे ते दीपगृह १९९८ मध्ये जुन्या जागी पुन्हा बांधले गेले, हेही त्यांना सांगावे. नकाशात ते बेट शोधून काढावयास मुलांना आवडेल.